अंगणाची मोजणी

काकासाहेबांना कुणी "बसा" म्हटलं की ते आधी बघायचे, कुठवर. सतरंजी कुणाची, तिची कड कुठं संपते, शेजारच्याचा गुडघा आपल्या बाजूला किती आलाय. हे सगळं नजरेनं मोजून झालं की मग बसायचे. छत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेला माणूस. श्रीगोंदा तालुक्यातल्या शेताशेतांतून साखळी ओढत हिंडलेला, लोकांच्या बांधांचा न्याय करत उन्हात करपलेला. जित्याची खोड म्हणतात ना, ती ही.

त्यांच्या लग्नातली गोष्ट तर अख्ख्या भावकीला पाठ आहे. मंगलाष्टकं चालू, गुरुजींचा सूर लागलेला, आणि नवरदेव डोळे बारीक करून अंतरपाटाकडे बघतोय. तिसऱ्या कडव्याला त्यानं गुरुजींना थांबवलं. "गुरुजी, अंतरपाट चार बोटं तिकडं सरकलाय. मधोमध धरा." मांडवात हशा. पलीकडून नवरी, म्हणजे राहीबाई, हळूच म्हणाली, "असू द्या, मला कमी जागा लागती." पण छे! अंतरपाट सरळ झाला तेव्हाच नवरदेवानं पुढची अष्टकं चालू करू दिली.

जेवतानाही तेच. आमटी भाताकडं निघाली की काकासाहेब भाताचाच एक बांध घालून तिला अडवायचे. राहीबाईंना राग आला की त्या मुद्दाम बांधावरूनच आमटी ओतायच्या. सदतीस वर्षांच्या संसारात त्यांची बहुतेक भांडणं ही अशी ताटातच झाली.

माणूस मात्र प्रामाणिक हो. मोजणीला गेले तर शेतकऱ्याचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत, पाण्याची बाटली घरून न्यायचे. एकदा दोन भावांचा बांधावरून वाद होता. वीस वर्षं एकमेकांशी अबोला, एकानं कोरायचा, दुसऱ्यानं भरायचा. काकासाहेबांनी दोन दिवस मोजलं आणि निकाल दिला, "हा बांध तुमच्या दोघांचाही नाही, ओढ्याचा आहे." दोघा भावांनी वीस वर्षांत पहिल्यांदा एकमेकांकडं बघितलं, आणि दोघं मिळून काकासाहेबांच्या मागं लागले. चांगले दीड किलोमीटर. त्या दिवसापासून ते भाऊ एका ताटात जेवतात म्हणे. त्याचं श्रेय आपल्याला कुणी दिलं नाही, याचं काकासाहेबांना अजून वाईट वाटतं.

रिटायर झाल्यावर त्यांनी नगरला सावेडीत बंगला बांधला. बंगला आपलं म्हणायचं. खरं म्हणजे आधी कंपाउंड बांधलं आणि उरलेल्या जागेत घर बसवलं. आठ फूट भिंत, वरून काचा. शेजारी कोण राहतं ते कळायची सोय नाही, आणि काकासाहेबांच्या मते भिंतीचे पैसे तिथंच वसूल.

मागच्या मार्चात काकासाहेब गावाला गेले असताना राहीबाई परसात कपडे वाळत घालायला गेल्या आणि घसरल्या. पाय मुरगळला, उठता येईना. सकाळी नऊला पडल्या, काकासाहेब दुपारी एकला आले. चार तास बाई हाका मारत होती. भिंतीपलीकडं माणसं होती, त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या हिला ऐकू येत होत्या, पण हिची हाक काही तिकडं पोचली नाही. काकासाहेब धावत आले, घाबरले, उचलायला वाकले, आणि त्यांच्या तोंडून गेलं, "आपल्याच हद्दीत पडलीस ना?"

आता याला काय म्हणावं! वाईट हेतू नव्हता, पण जीभ सवयीनं वळली. राहीबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी बोलल्या ते एवढंच, "मला हाक दिली तर ऐकू जाईल असलं घर पायजे. न्हाई तर मी चालले श्रीरामपूरला भावाकडं."

बाई बोलायची कमी, पण बोलली की दगडावरची रेघ. काकासाहेबांनी घरं बघायला सुरुवात केली.

शरच्चंद्र मास्तर हे त्यांचे जुने ओळखीचे. चाळीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेला सभ्य गृहस्थ. त्यांची मुलगी नीलांबरी आर्किटेक्ट. तिनं काष्टीच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत, एका जुन्या लिंबाभोवती आठ घरं बांधायला घेतली होती, त्यातलं एक आईवडिलांसाठी. तिथल्याच मातीत चिमूटभर सिमेंट घालून दाबलेल्या विटा, हातभर जाडीच्या भिंती, भर दुपारी आत शिरलं तर माठात शिरल्यासारखं गार. आठही छपरांचं पावसाचं पाणी अंगणाखालच्या एकाच टाकीत जायचं, आणि सांडपाणी केळीला. आठही स्वयंपाकघरांच्या खिडक्या अंगणात उघडायच्या. फाटक एकच. कंपाउंड तर नाहीच, घराघरांमध्ये साधं तारेचं कुंपणसुद्धा नाही. मधली साडेपाच गुंठे जागा सगळ्यांची मिळून.

राहीबाईंनी खिडकीतून अंगणात बघितलं आणि म्हणाल्या, "हेच."

काकासाहेबांनी नकाशा मागितला. उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. "यात माझी जागा कुठवर, नीलांबरी?"

"काका, सगळंच अंगण तुमचं."

"आणि पाचवं घर घेतलेल्या त्या शेतकऱ्याचं, अजिनाथचं?"

"त्यांचंही सगळंच."

काकासाहेबांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे आठ घरांचे मिळून साडेपाच गुंठ्यांचे चव्वेचाळीस गुंठे झाले की गं!"

"झालेच ना," नीलांबरी हसली. "तेवढ्यासाठी तर असं बांधलं."

काकासाहेबांना रात्रभर झोप नाही. आयुष्यात इतका मोठा घोटाळा त्यांनी नकाशावर बघितला नव्हता, आणि करणारी पोरगी वर हसत होती.

राहायला आले त्या दिवशी राहीबाईंनी सामान उतरवायच्या आधी त्यांना लिंबाखाली उभं केलं. "एक सांगून ठेवते. हितं रेघ मारायची न्हाई. ज्या दिशी अंगणात रेघ दिसंल, त्याच्या दुसऱ्या दिशी मी साडेनवाच्या गाडीनं श्रीरामपूरला. अन् परत यायची न्हाई." काकासाहेबांनी मान हलवली. ही बाई जाते म्हणाली की जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पाच महिने बरे गेले. बरे म्हणजे राहीबाईंचे. सकाळी सात वाजले की तिसऱ्या घराच्या खिडकीतून स्नेहलची हाक यायची, "राहीमावशी, बाळाला न्हाऊ घालायला या!" स्नेहल दवाखान्यात नर्स, बाळ चार महिन्यांचं, नवरा ट्रकवर. राहीबाई पदर खोचून निघायच्या. तिथून मास्तरांच्या घरी, त्यांच्या बायकोबरोबर वाती वळायला. तिथून अजिनाथच्या कोंबड्यांना शिळी भाकरी. तिथून टाकीवर. तिथून कुणाच्या तरी कुरडया उलटायला. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना मध्ये अंगणात उभ्या राहून त्या हसायच्या, आणि ते हसू काकासाहेबांना घरात ऐकू यायचं. ही बाई एवढ्या मोठ्यानं हसते हे त्यांना सदतीस वर्षांत ठाऊकच नव्हतं. बरं वाटायचं. भीतीही वाटायची, की हिला माझ्यावाचून इतकं हसू कुठून येतं.

काकासाहेब स्वतः घरातून फाटकापर्यंत जायचे, पेपर घ्यायचे, परत यायचे. बाकी अंगणात पाय ठेवला की त्यांना परक्याच्या शेतात शिरल्यागत व्हायचं.

तेही निभावलं असतं. पण अजिनाथची बाज होती ना!

अजिनाथनं शेती पोरांच्या हवाली केलेली. आता त्याला एकच काम, लिंबाच्या सावलीत आडवं होणं. सावली सरकली की बाज सरकवायची. सकाळी बाज मास्तरांच्या दारापाशी असायची, दुपारी बुंध्याला, आणि दुपार कलली की काकासाहेबांच्या उंबऱ्यापाशी. रोज साडेचारला काकासाहेब दार उघडायचे तर समोर अजिनाथचे दोन तळवे.

एकदा त्यांनी विचारलंच. "अजिनाथराव, ही बाज इथं कशी आली?"

"सावली आली, तिच्या मागं आली."

"सावली कुणाची?"

"लिंबाची की!"

"आणि लिंब कुणाचा?"

अजिनाथनं एक डोळा उघडला. "द्येवाचा," म्हणाला, आणि घोरायला लागला.

काकासाहेबांचं डोकं भणभणलं. ही बाज अतिक्रमणात आहे की नाही, हे ठरवायला त्यांच्याकडं काही म्हणजे काही साधन नव्हतं. आणि छत्तीस वर्षं ज्यानं दुसऱ्याचं ठरवलं त्याला स्वतःच्या दारातलं ठरवता येऊ नये? जेवण जाईना. आमटी भातात खुशाल मिसळायची आणि त्यांचं लक्ष नसायचं. राहीबाईंना वाटलं, नवरा सुधारला.

मग आला काष्टीचा बाजार. सालाचे कांदे-मिरच्या भरायच्या म्हणून सगळ्या घरांनी मिळून टेम्पो केला. काकासाहेब म्हणाले, "माझ्या पोटात दुखतंय." पोटात दुखत होतंच, पण ते आतल्या मोजणीचं. टेम्पो फाटकाबाहेर पडला आणि त्यांनी ट्रंक उघडली. टेप, खुंट्या, सुतळी. बांधकामातली उरलेली फक्कीची चार पोती टाकीमागं पडलेली होती. तीच ती पांढरी भुकटी, कबड्डीचं मैदान आखतात ती.

रेघ मारायची नाही असं ठरलेलं. ते त्यांना आठवत होतं. पण फक्की म्हणजे काय, झाडूचा एक फटकारा मारला की साफ! फक्त एकदा बघायचं, आपलं कुठवर येतं ते. मग झाडून टाकायचं. चोर चोरी करताना अशीच मनाची समजूत घालतो, पण ते जाऊ द्या.

अडीच तास काकासाहेब वाकून काम करत होते. आयुष्यात एवढी देखणी मोजणी झाली नव्हती. शिव्या द्यायला कुणी नाही, काठी घेऊन कुणी उभं नाही, कोपरान् कोपरा जुळला. आठ वाटे, इंचाचा फरक नाही. प्रत्येक वाट्यात मोठा आकडा काढला, एकपासून आठपर्यंत. एक नंबर स्वतःचा. मग त्यांनी अजिनाथची रिकामी बाज ओढून आपल्या एक नंबरमध्ये बरोब्बर मध्यावर ठेवली, घटकाभर टेकले, आणि त्यांचा डोळा लागला. पाच महिन्यांची राहिलेली झोप ती!

जाग आली ती टेम्पोच्या ब्रेकनं.

सगळे फाटकात उभे. हातात पिशव्या, डोक्यावर कांद्याची गोणी, आणि तोंडं उघडी. राहीबाईंनी रेघांकडं बघितलं. मग बाजेवर उठून बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं. घरात गेल्या. पलंगाखालची बॅग ओढल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

"काकासाहेब, हे काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही, आपलं माहितीसाठी," काकासाहेब उठत म्हणाले. "आत्ता झाडून टाकतो." आणि त्यांनी झाडू उचलला.

"थांबा थांबा," अजिनाथ म्हणाला. तो पाच नंबरच्या आकड्यावर उभा होता. "ह्ये माझं हाय का?"

"हिशेबानं तसं."

"म्हंजे टाकीचं तोंड माझ्यात?"

"येतं खरं."

अजिनाथ छाती काढून उभा राहिला. "लई भारी! झाडू नगा साहेब. राहू द्या जरा."

खाजवून खरूज काढणं ते हेच. पाच महिने ज्यांच्या मनातही आलं नव्हतं, ती माणसं आपापल्या आकड्यावर जाऊन उभी राहिली. स्नेहल म्हणाली, बुंधा माझ्यात, तर सावलीपण माझीच. सातव्या घरातल्यांनी सांगितलं, सावली सकाळी आमच्यात पडते, पडलेली वस्तू ज्याच्या जागेत पडली त्याची. मास्तर, अहो मास्तरांसारखा माणूस, शाळेची फूटपट्टी घेऊन आला. "एका बोटानं काही होत नाही," ते म्हणाले, "पण प्रश्न तत्त्वाचा आहे." स्नेहलची कपड्यांची दोरी मास्तरांच्या वाट्यावरून जात होती. दुपटी लोंबतात ती हवेत लोंबतात, तेव्हा हवा कुणाची यावर अर्धा तास गेला. तेवढ्यात अजिनाथच्या एका कोंबडीनं नेमकी पाच आणि सहाच्या रेघेवर बसून अंडं घातलं. अर्धं अर्धं करायचं तर उकडावं लागणार, आणि उकडायचं कुणाच्या गॅसवर यावर दोन घरांचा जन्मभराचा अबोला ठरला.

आणि काकासाहेब? नोकरीत कधी मिळाला नव्हता एवढा मान त्यांना त्या संध्याकाळी मिळाला. अजिनाथ खरवस घेऊन आला, स्नेहल शिरा घेऊन आली. मास्तर रिकाम्या हातानं आले पण फार वेळ बसले. सगळ्यांचं म्हणणं एकच, "मोजणी झकास, फक्त आमची रेघ तेवढी वीतभर सरकवा." काकासाहेबांनी सवयीप्रमाणे खरवस परत पाठवला, शिरा परत पाठवला, आणि रेघ सरकवली नाही. आत राहीबाई लुगड्यांच्या घड्या घालत होत्या.

"अगं, मी झाडणार होतो," ते दारात उभे राहून म्हणाले.

राहीबाईंनी आणखी एक घडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजले. हाक आली नाही. काकासाहेबांनी खिडकीतून बघितलं तर बाकी सातही स्वयंपाकघरांच्या खिडक्या लावलेल्या. अजिनाथची बाज त्याच्या पाच नंबरमध्ये भर उन्हात होती, आणि अजिनाथ टोपी तोंडावर घेऊन तिच्यावर घाम गाळत पडला होता. सावली पलीकडं मास्तरांच्या दारात मोकळी पडलेली, पण तिकडं जाणार कसा? कोंबड्या पाय बांधून डालाखाली.

स्नेहलच्या बंद खिडकीमागं बाळ रडायला लागलं. राहीबाई बॅगेशेजारी बसल्या होत्या, त्या ताडकन उठल्या. दोन पावलं टाकली. आणि थांबल्या. परत येऊन बसल्या.

"अगं जा की," काकासाहेब म्हणाले.

"कुठनं जाऊ?" राहीबाई म्हणाल्या. "मधी दोन रेघा हायेत. तिची हद्द हाय."

बाळ रडत होतं, बाई मांडीवर हात ठेवून ऐकत होती. आठ फुटांची भिंत बांधायला त्यांना सावेडीत चार महिने लागले होते. इथं अडीच तासांत काम झालं होतं.

झाडून टाकावं? पण आता झाडून काय उपयोग! रेघा जमिनीवरून जातील, डोक्यातून कोण काढणार? अजिनाथला आपली टाकी पाठ झाली होती. मास्तरांकडं फूटपट्टीचे आकडे लिहिलेले होते. काकासाहेब डोकं धरून बसले. अक्कल शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी एकच गोष्ट केली जी त्यांना येत होती. सगळी मोजणी मनात पहिल्यापासून तपासली. पहिलं काय करतात? आधी काय सोडतात?

आणि ते ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा अंगणात उभं राहून, घसा फुटेस्तोवर. "वाटप चुकलंय!"

सात खिडक्या धाडधाड उघडल्या. "कुणाचं?"

"माझं! मी रस्ते सोडलेच नाहीत!"

आता नियम असा, की कुठलंही वाटप करताना आधी ज्याची त्याची वहिवाट सोडायची. माणूस रोज ज्या वाटेनं जातो ती वाट कुणाच्या वाट्याला घालता येत नाही. ती सगळ्यांची. आधी वाटा, मग उरेल त्याचे वाटे. हे शेंबड्या पोराला कळतं, आणि छत्तीस वर्षांच्या मोजणीदाराला विसर पडला! काकासाहेबांना खरोखर लाज वाटली.

"सगळ्यांनी बाहेर या," ते म्हणाले. "रोज जसे चालता तसे चाला. मी मागून फक्की टाकत येतो. खोटं चालायचं नाही."

मास्तरांनी फोन केला म्हणून नीलांबरी भल्या सकाळी नगरहून आली होती. ती कपाळाला हात लावून पायरीवर बसली होती, तिला त्यांनी वही दिली. "तू लिही."

पहिला अजिनाथ. घरातून टाकीवर. टाकीवरून लिंबाकडं. मग बाजेचे दिवसभराचे पाच मुक्काम. मग तो खाली मान घालून म्हणाला, "अजून हायेत साहेब. मी वासावर चालतो." कुणाकडं काय शिजतंय ते बघायला तो रोज आठही खिडक्यांवरून एक फेरी मारायचा. काकासाहेब वाकून मागं फक्की टाकत गेले. मास्तर मधुमेहासाठी अंगणाला चाळीस चकरा मारायचे. "चाळीसही मारायला हव्यात का?" त्यांनी विचारलं. "एक पुरे, पण खरी मारा." स्नेहल फाटकाकडं गेली, दोरीकडं गेली, आणि बाळ ज्यांच्याकडं ठेवते त्या पाच घरांकडं गेली. मग अजिनाथनं कोंबड्यांचे पाय सोडले. त्याचं म्हणणं, कोंबड्यांचीपण वहिवाट हाय. काकासाहेबांना ते नियमानं नाकारता येईना. एका निवृत्त सरकारी नोकरानं कोंबडीमागं धावत अख्खं पोतं रिकामं केलं, तेव्हा कालपासून कोंडलेलं पहिलं हसू बाहेर आलं.

साडेआठ वाजता सगळे बघायला लागले. अंगण पांढरं झालं होतं. कालच्या रेघा, कालचे आकडे, सगळं फक्कीखाली गुडूप. फक्त एका बाजूला, काकासाहेबांच्या दारासमोर आणि तिथून मध्यापर्यंत, दीड गुंठाभर माती तशीच तांबडी उरली होती. एक नंबरच्या घराची वाट म्हणून तिथं फाटकापर्यंत एकच पट्टा होता. काकासाहेब दुसरीकडं कुठं जात नव्हते ना!

"तुमच्या घराची एवढीच वाट, काका?" नीलांबरीनं विचारलं.

"माझी एवढीच," काकासाहेब खालच्या आवाजात म्हणाले.

अजिनाथची नजर त्या तांबड्या तुकड्यावर गेली. मास्तरांचीही गेली. हात खिशातल्या फूटपट्टीकडं गेला. "मग ह्ये दीड गुंठं," अजिनाथ म्हणाला, "आठ जणांत वाटायचं का काय?"

झालं! आगीतून फुफाट्यात. काकासाहेबांना दिसलं की पुन्हा सगळं तिथंच येतंय. दीड गुंठ्याचे आठ वाटे म्हणजे साडेपाच गुंठ्यांपेक्षा मोठं भांडण.

तेवढ्यात राहीबाई बॅग घेऊन दारात आल्या. पायात चपला. काकासाहेब कमरेतून वाकलेले, भुवयांपर्यंत पांढरे. सरळ व्हायलाही त्यांना वेळ लागला.

"राही," ते म्हणाले, "आपल्या घराची वाट राहिलीय. तू चाल."

"मी गाडीला चालले."

"तिकडं चाल. जिकडं चालशील तिकडं टाकतो. खोटी वाट मी लिहून घेणार नाही." "गेलीस तर गेलीस असं लिहीन. पण चुकलं माझं. काल नाही, लई आधी चुकलं. तू पडलीस तेव्हा मी आधी तुझा पाय बघायला पाहिजे होता."

राहीबाईंनी बॅग सावरली. दारातून, नवऱ्याचा पट्टा टाळून, सरळ फाटकाकडं निघाल्या. काकासाहेब मागं वाकून फक्की टाकत निघाले, नजर फक्कीवर नव्हती, तिच्या चपलांवर होती, आणि पट्टा वाकडातिकडा पडायला लागला. छत्तीस वर्षांत त्यांनी वाकडी रेघ टाकली नव्हती.

राहीबाई फाटकात थांबल्या. वळून त्या वाकड्या पट्ट्याकडं बघितलं. मग बॅग काकासाहेबांच्या मोकळ्या हातात दिली, पदर खोचला आणि चालायला लागल्या.

स्नेहलच्या दारात गेल्या, बाळाला उचललं, खांद्यावर टाकलं. मास्तरांच्या बायकोच्या पायरीवर गेल्या. टाकीवर गेल्या. आपल्या दारात येऊन शिळी भाकरी घेतली आणि कोंबड्यांकडं गेल्या. सातव्या घरी गेल्या, आठव्या घरी गेल्या, लिंबाला हात लावून परत आपल्या दारात, तिथून परत स्नेहलकडं दुपटं आणायला. प्रत्येक वेळी त्या तांबड्या तुकड्यातून, प्रत्येक वेळी नव्या तिरकस वाटेनं. मागून एका हातात बॅग, एका हातात तिरपं धरलेलं घमेलं, काकासाहेब धापा टाकत पळताहेत. "दमानं, दमानं!" म्हणताहेत. अजिनाथनं चौथं पोतं फोडून घमेलं भरून दिलं, मास्तर घमेल्याची दुसरी कड धरून पळायला लागले. कधी संपलं ते कुणाला कळलं नाही. तांबडं म्हणून बोटभर उरलं नाही.

"लिही," काकासाहेब नीलांबरीला म्हणाले. श्वास पुरत नव्हता. "एकूण क्षेत्र साडेपाच गुंठे. वहिवाट साडेपाच गुंठे. वाटपाला शिल्लक, काही नाही."

"खरं का साहेब?" अजिनाथनं विचारलं.

"माझी मोजणी आहे," काकासाहेब म्हणाले. अजिनाथनं बाज उचलली आणि सावलीत नेऊन टाकली.

राहीबाई मात्र अंगणाच्या मधोमध बाळाला घेऊन खाली बसल्या होत्या. फक्कीत, लुगड्याची पर्वा न करता. काकासाहेब जवळ गेले. बसावं की उभं राहावं ते कळेना, म्हणून बॅग धरून उभेच राहिले.

"गाडी गेली असंल आता माझी," राहीबाई बाळाच्या टाळूवरची फक्की पुसत म्हणाल्या.

काकासाहेबांनी मनगटावरचं घड्याळ पुसून बघितलं. नऊ वाजून पाच मिनिटं. गाडीला अजून पंचवीस मिनिटं होती, आणि फाटा इथून चालत पाच मिनिटांवर. ज्या माणसानं आयुष्यात कुणासाठी रेघ अर्धा इंचसुद्धा सरकवली नाही, त्यानं ते घड्याळ परत बाहीत सारलं.

"व्हय," ते म्हणाले, आणि तिच्या शेजारी खाली बसले. "मघाशीच गेली."